रद्द करायला काही नाही

१

त्या रविवारी दुपारी संदेश मधल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि आई स्वयंपाकघरात मटारच्या शेंगा सोलत होती. घर गौलीगुड्यात, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीखालून बसस्टँडकडं वळणाऱ्या गाड्यांचा आवाज दिवसभर चालू असायचा, पण त्या घरात वाढलेल्याला तो कधी ऐकूच यायचा नाही.

वडील जाऊन महिना होत आला होता. नामदेवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. चौदावा आटोपला, नांदेडकडची मंडळी आपापल्या गावी गेली, आणि घरात मायलेक दोघंच उरले. त्यानंतर या खोलीत येऊन बसायची संदेशची ती पहिलीच वेळ. साचलेली पत्रं बघावीत, एकदोघांना उत्तरं द्यावीत, एवढाच विचार होता. तो अर्ध्या वाक्यात असतानाच पडदा निळा झाला. मशीननं आपण बंद होत असल्याचं सांगितलं आणि ते बंद झालं. आतल्या पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली.

बाहेरच्या खोलीतलं घड्याळ पाचाचे ठोके देत होतं.

संदेशनं हात कळफलकावरून उचलले आणि मांडीवर ठेवले. हे व्हायला नको होतं. वडील गेले त्याच दिवशी, पाहुणे यायच्या आधी, त्यानं ते काढून टाकलं होतं. आपल्या हातानं.

दारात आई येऊन उभी राहिली. पद्मावतीबाईंना ऐकू जरा कमीच यायचं, पण मशीन बंद पडल्याचं त्यांना स्वयंपाकघरात कसं कळलं, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही.

"बंद पडलं का रे?"

"हौ."

"आज मी नाही हां आले खोलीत." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. बोटं हिरवी झाली होती, तळहातावर दोन दाणे होते. "हे बघ, शेंगाच सोलत होते. आज माझा हात नाही लागला."

"लाइट गेली असेल आई."

डोक्यावर पंखा फिरत होता. दोघांनीही वर बघितलं.

२

गोष्ट एवढीशीच होती, आणि एवढीशीच होती म्हणूनच ती कुणाला सांगता येत नव्हती.

संदेश कुकटपल्लीला एका कंपनीत कामाला होता. परदेशातल्या ऑफिसांची मशीनं बिघडली की इथं बसून ती दुरुस्त करायची, असं काम. घरी कॉम्प्युटर त्यानंच आणला होता, स्वतःसाठी. पण बहीण प्रणिता लग्न होऊन मेलबर्नला गेली आणि नामदेवरावांनी हट्टानं ते शिकून घेतलं. दुपारचं जेवण झालं की ते टेलिफोनची वायर मशीनला जोडून इंटरनेटवर बसायचे, तेवढा वेळ फोन एंगेज. तिकडे प्रणिताची रात्र असायची. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची ती टिंब देऊन, असं त्यांनी का कोण जाणे ठरवूनच टाकलं होतं. जेवलीस.का. थंडी.आहे.का. प्रणितानं झोपते म्हटलं की मग पेपर वाचायचे, नकाशे बघायचे, आणि संदेश बसचे धक्के खाऊन घरी येईपर्यंत खुर्ची सोडायचे नाहीत.

वडलांना ऊठ म्हणणं संदेशच्या जिवावर यायचं. तेव्हा त्यानं ते मशीनलाच सांगायला लावलं. रोज पाच वाजले की मशीननं आपोआप बंद व्हायचं, ना सूचना ना प्रश्न. एक ओळ लिहायचं काम. आपण घरी पोचेपर्यंत बाबा कंटाळून उठलेले असतील, असा हिशेब.

तो बरोबर ठरला. फक्त एक झालं. नामदेवराव रोज संध्याकाळी दारातच विचारायचे, "अरे संदेश, परत बंद पडलं की रे ते. मी काय दाबलं काय?"

संदेश बूट काढता काढता म्हणायचा, "दाबलं असेल काहीतरी. बघून दाबत जा ना बाबा."

मग ते आणखी सावकाश लिहायला लागले. प्रत्येक अक्षराआधी बोट हवेत थांबवून धरायचे.

वडील गेले त्या दिवशी पद्मावतीबाईंनी रोजच्यासारखा मधल्या खोलीत झाडू मारला आणि त्या कापड बदलून आणायला सुलतान बाजारला गेल्या. नामदेवराव प्रणिताशी बोलत होते. छातीत.जळजळतंय, त्यांनी लिहिलं. जेवणाचं.असेल. प्रणितानं लिहिलं, बाबा, निळ्या डबीतली गोळी लगेच जिभेखाली ठेवा आणि आईला हाक मारा. ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. पाच वाजले होते.

प्रणिता वाट बघत राहिली. बाबांचं मशीन रोजच या वेळेला बंद पडायचं आणि ते रोजच ते पुन्हा चालू करून 'आलो.परत' असं लिहून मग निरोप घ्यायचे. त्या दिवशी आले नाहीत. मग तिनं फोन लावला तर एंगेज. पुन्हा लावला, एंगेज.

पद्मावतीबाई परतल्या तेव्हा मशीन चालू होतं आणि टेलिफोनची लाइन जोडलेली होती. नामदेवराव खुर्चीत होते, उजव्या हाताचं एक बोट सरळ, बाकीची मिटलेली. निळी डबी मागच्या कपाटात, हात लांबवला असता तर मिळाली असती. त्यांनी ती घेतली नव्हती, शेजारी हाक मारली नव्हती. उरलेला सगळा वेळ त्यांनी मशीन पुन्हा चालू करण्यात घालवला होता.

आणि दहाव्या दिवशी पद्मावतीबाई म्हणाल्या, "माझ्यामुळंच झालं रे ते. मी रोज त्याच वेळेला झाडते. झाडू त्या वायरीला लागत असणार, ढिली होत असणार. ते बिचारे आपणच काही दाबलं म्हणत बसायचे, आणि हात माझा."

संदेशला तेव्हा बोलता आलं असतं. समोर आत्या होती, मामा होते.

"जाऊ दे ना आई," तो म्हणाला.

३

सोमवारी त्यानं ऑफिसात प्राजक्ताला विचारलं. ती पुण्याची, त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची, आणि मशीनच्या बाबतीत तिला विचारलं की उत्तर मिळायचं.

"मशीन बंद व्हायचं ठरलेलं आहे की नाही, ते आधी बघता येतं का?"

"ठरलेल्या कामांची यादी बघ की."

"बघितली. यादीत काही नाही. तरी बंद होतंय."

"मग आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत जाऊन शटडाउन लिही, पुढे आडवी रेघ आणि ए."

"ते रद्द करायचं झालं. मला रद्द नाही करायचं. आहे का, ते बघायचंय."

प्राजक्ता हसली. "तशी सोयच नाहीये रे. ठरलंय का, असं त्याला विचारता येत नाही. रद्द कर, एवढंच म्हणता येतं. काही ठरलेलं नसेल तर ते कुरकुरतं, रद्द करायला काही नाही म्हणून. आणि काहीच बोललं नाही, गप्प बसलं, तर समजायचं की होतं."

"गप्प बसलं तर होतं."

"हो. पण खरंच ठरलेलं असेल तर पडद्यावर चौकट दिसायला हवी, उलटी मोजणी चालू असलेली. तुला दिसते का?"

"नाही."

"मग तो किडाच असणार. सध्या सगळीकडे फिरतोय ना, मशीनं बंद पाडणारा? टेलिफोनच्या वायरीतून शिरतो." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "अरे, एवढा काय घामेजलायस? फार तर फॉरमॅट मारावं लागेल."

घामेजला होता, पण त्याला हलकंही वाटलं होतं. किडा. त्याला हा शब्द फार आवडला. बसमध्ये उभ्याउभ्या तो तोच घोळवत राहिला. आता किडा असेल तर मागेही असू शकेल. त्या दिवशीसुद्धा असू शकेल. कुणी सांगावं, आपली ओळ चाललीच नसेल, किड्यानंच बंद पाडलं असेल. मूसापेट ओलांडेपर्यंत त्याला ते जवळजवळ पटलं होतं. मग त्याला आठवलं की त्या दिवसापर्यंत मशीन रोज पाचलाच बंद होत होतं, महिनोन्‌महिने, आणि किडा तर आत्ता आत्ताच आला होता.

४

शनिवारी त्याला सुट्टी होती. जेवण झाल्यावर त्यानं खोलीत जाऊन मशीनला येणारी टेलिफोनची वायर भिंतीतून उपटून काढली आणि मगच मशीन लावलं. आता बाहेरून कुणी शिरायचा प्रश्न नव्हता.

महिन्याभरात आई त्या खोलीत झाडू घेऊन आली नव्हती. फरशीवर धूळ साचली होती, कोपऱ्यात केसांचं गुंतवळ पडलं होतं. टेबलाखाली वायरींची गुंतागुंत, तिच्यातला विजेचा प्लग भिंतीत घट्ट बसलेला. त्यानं हलवून बघितला. हलला नाही. कधीच हलत नसणार.

त्यानं काळी खिडकी उघडली आणि लिहिलं. शटडाउन, रेघ, ए.

रद्द करायला काही नाही, मशीन म्हणालं.

त्यानं सुस्कारा सोडला. उठला, पाणी पिऊन आला. बसला आणि पुन्हा तेच लिहिलं, उगाच, हात मोकळा होता म्हणून.

मशीन काहीच बोललं नाही. खालच्या ओळीवर नुसती लुकलुकणारी खूण आली आणि थांबली.

म्हणजे होतं. आत्ता, या क्षणापर्यंत, बंद व्हायचं ठरलेलं होतं, आणि त्यानं ते विचारता विचारता पुसून टाकलं होतं.

त्यानं लगेच पुन्हा लिहिलं. रद्द करायला काही नाही. बरोबर, कारण रद्द झालं होतं. त्यानं कळफलक पुढं ढकलला आणि नुसता बसून राहिला. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. आज त्याला त्या ऐकू येत होत्या. तो उठून बाहेरच्या खोलीत गेला, आई पलंगावर पडली होती, तिच्या अंगावरची चादर सारखी केली. आणि तिथं वाकलेला असताना त्याला मधल्या खोलीतून आवाज आला.

टक्.

मग बराच वेळ काही नाही. कुणी अक्षर शोधत असावं एवढा वेळ.

टक्.

पाल असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. टेबलावर पाल आली असेल. उंदीर असेल. मशीन तापलं की त्याचा पत्राही वाजतो. ही सगळी कारणं खरी होती आणि तो जागचा हलत नव्हता. आईचे डोळे उघडे होते. ती दाराकडं बघत होती, चेहऱ्यावर भीती नव्हती. घरातलंच कुणी वावरत असलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जसा असतो, तसा होता.

"जा की," ती म्हणाली. "तुझं काम राहिलंय ना."

खोलीत कुणी नव्हतं. त्यानं खुर्चीत बसायला म्हणून हात टेकला आणि उचलला. खुर्चीचं रेक्झिन गरम होतं. तो उठून गेला त्याला बराच वेळ झाला होता.

त्यानं उभ्याउभ्याच लिहिलं. शटडाउन, रेघ, ए.

मशीन गप्प बसलं.

५

त्याच संध्याकाळी त्यानं मशीन फॉरमॅट केलं. सगळं पुसलं, अगदी कोरं केलं, नवीन विंडोज घातलं. किड्याचा अंशही उरू नये म्हणून दोनदा केलं. काम करताना त्याला बरं वाटत होतं, जखम धुतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीतल्या टेलिफोनवर प्रणिताचा फोन आला.

"दादा, एक काम कर ना. बाबांचं आणि माझं बोलणं त्या मशीनमध्ये आपोआप साठत होतं. माझ्याकडचं गेलं, ते ऑफिसनं घरी दिलेलं मशीन होतं, परत करावं लागलं. तुझ्याकडं पहिल्यापासून सगळं असेल. तेवढं पाठवशील?"

संदेश टेलिफोनच्या स्टुलावर बसला. निळ्या डबीबद्दलची ओळ त्यात नसेल, ती पोचलीच नव्हती. पण बाकीचं सगळं असणार. जेवलीस.का. आलो.परत.

"व्हायरस आला होता गं," तो म्हणाला. "सगळं गेलं."

"असू दे," ती पलीकडून म्हणाली. "तुझी काय चूक."

त्यानं फोन ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काय गेलं रे सगळं?"

"बाबांनी लिहिलेलं."

"मी काही केलं का?"

'मीच', एवढं एका शब्दाचं उत्तर होतं. संदेशचं तोंड उघडलंही. मग तो म्हणाला, "नाही आई, आपोआप गेलं," आणि तिच्याजवळून वाट काढत पाणी प्यायला गेला. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तिचा विश्वास बसला नव्हता. तिनं हेही आपल्याच खात्यावर मांडून घेतलं होतं.

६

दुपार उतरायला लागली तसा तो खोलीत गेला. मशीन कोरं होतं, टेलिफोनची वायर अजून जमिनीवर पडलेली होती. खुर्ची त्यानं हात न लावता, पायानं ढकलून मागं भिंतीशी नेली, आणि टेबलाशी उभा राहिला.

पाचाला थोडा वेळ असताना पडद्याच्या मधोमध चौकट आली.

प्राजक्ता म्हणाली होती तीच. उलटी मोजणी चालू, आणि खाली निरोप लिहायला एक रिकामी पट्टी. बघता बघता त्या पट्टीत एक अक्षर उमटलं. मग थांबलं. मग दुसरं. कळफलक त्याच्यासमोर होता, त्यावर कुणाचाही हात नव्हता.

संदेश.मी.काय.दाबलं

त्यानं काळ्या खिडकीत आज्ञा लिहिली, दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट. चौकट गेली. त्याला श्वास घेता आला, तेवढ्यात ती पुन्हा आली, तीच अक्षरं, तोच संथपणा. त्यानं पुन्हा रद्द केलं. पुन्हा आली. या वेळी पट्टी बराच वेळ रिकामी राहिली. लिहिणारा विचार करत होता. मग अक्षरं पडायला लागली, आणि ती वेगळी होती.

पद्माचा.हात.लागला.का

आत्तापर्यंत ते स्वतःला विचारत होते. आता त्यांना दुसरं कुणी सापडलं होतं. आईनं दहाव्या दिवसापासून रोज घरात जे बोलून दाखवलं, ते या खोलीतही ऐकू गेलं होतं, आणि त्याला कुणीही नाही म्हटलं नव्हतं.

"काय लिहिलंय रे?"

आई दारात होती. आत पाऊल टाकलं नव्हतं.

"काही नाही."

"माझं नाव आहे ना ते? तेवढं ओळखते मी. त्यांनीच शिकवलं होतं." तिनं पदर तोंडाशी नेला. "माझ्यामुळं झालं, असंच म्हणतायत ना?"

मोजणी चालू होती. रद्द करायला अजून वेळ होता, आणि पुन्हा, आणि उद्या पुन्हा. त्यानं कळफलकावरून हात काढून घेतले.

"आई, तुझा हात नव्हता. बाबांनी पण काही नव्हतं दाबलं." तो पडद्याकडंच बघत होता. "ते मी करून ठेवलं होतं. रोज पाचला बंद व्हायचं, मीच तसं लावलं होतं. त्यांनी खुर्चीतून उठावं म्हणून. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही."

पद्मावतीबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांचे खांदे सावकाश खाली आले, जसं डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं. मग चेहरा कठीण झाला.

"त्यांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?" त्या म्हणाल्या. "त्यांना सांग."

त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्याच्या मागं, भिंतीकडं बघत होत्या.

बाहेर घड्याळ वाजायला लागलं. मशीन बंद झालं, पंखा उतरत उतरत थांबला, आणि पडद्याची काच काळी झाली. त्या काचेत सगळी खोली दिसत होती, लहान आणि जराशी वाकलेली. दारातली आई. तो स्वतः. आणि त्याच्या पाठीमागं भिंतीशी खुर्ची, तिच्या हातावर टेकलेलं एक मनगट, आणि पुढं आलेलं एकच सरळ बोट.

संदेशनं डोळे गच्च मिटले. त्याला वळावं लागलं, कारण आईनं खांद्याला धरून वळवलं. ती कधी आत आली ते कळलं नव्हतं. समोरून रेक्झिन करकरल्याचा आवाज आला, कुणी ऐकायला पुढं सरकून बसावं तसा.

"बाबा," तो म्हणाला. पुढचं सगळं त्यानं सांगितलं, डोळे मिटूनच, अडखळत, जेवढं आईला सांगितलं होतं तेवढं आणि जे नव्हतं सांगितलं तेही. सांगून झाल्यावर तो थांबला. कुणी काही बोललं नाही. ही शांतता त्याला ठाऊक होती.

आईचा हात त्याच्या खांद्यावर तसाच होता. जड, आणि अजिबात थरथरत नव्हता.

"असं नाही," ती म्हणाली. "डोळे उघडून सांग. ते बघतायत तुझ्याकडं."